करवतीला शाळेत मज्जाव का?

मराठी माणसाला करवत ठाऊक नाही असे कोणी म्हणणार नाही. काशीला जाऊन करवत घेणारे मुमुक्षू आमच्या जुन्या गोष्टींत आहेत. विदर्भातल्या करवतकाठी लुगड्याच्या काठावर करवतीचे दाते विणलेले आहेत. नायिकेच्या काळजावरून करवत फिरली, हे तर आम्हां कादंबरीकारांचे हुकमी वाक्य. मरणात, वस्त्रात आणि वाङ्मयात करवतीला असा मान देणाऱ्या समाजाने तिला एका ठिकाणी मात्र उंबरठ्याबाहेर उभे केले आहे. ते ठिकाण म्हणजे शाळा. तांत्रिक विद्यालये आणि हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या प्रयोगशील संस्था सोडल्या, तर आमच्या बहुतेक शाळांत मुलाने दहा वर्षे काढली तरी त्याच्या हातून एक फळी कापली जात नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आठवीपासून पुढच्या प्रत्येक मुलामुलीच्या हातात, मास्तर शेजारी उभा असताना, विजेवर चालणारी लहान करवत द्यावी. बाजारात तिला जिगसॉ म्हणतात. सोबत खरी फळी द्यावी, पेन्सिल आणि गुण्या द्यावा, आणि घरी वापरता येईल अशी एखादी वस्तू करून घ्यावी. चावीची फळी, पुस्तके टेकवायची घोडी, पाट, चिमणीचे घर, काहीही. हे सांगताच तीन प्रकारची माणसे अंगावर येतात. पहिली म्हणतात, बोटे तुटतील. दुसरी म्हणतात, यंत्राने केलेली सुतारी ही सुतारीच नव्हे. तिसरी फार बोलत नाहीत. एकच प्रश्न विचारतात आणि तो विचारताना त्यांच्या नाकाला किंचित मुरड पडते. मी काही शिक्षणशास्त्रज्ञ नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी गाडी गेलेली नाही. पण ह्या तिघांना उत्तर द्यायला पदवी लागेल असे मला वाटत नाही.

आधी यंत्राची ओळख. जिगसॉ साधारण इस्त्रीएवढी असते. खाली धातूचा सपाट तळ, वर मूठ, मुठीत बटण. तळातल्या खाचेतून बोटाएवढे अरुंद पाते खाली उतरलेले असते आणि ते वरखाली होते. वेग कमीजास्त करता येतो; मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांपासून ३००० फेऱ्यांपर्यंत. ह्या यंत्राच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. स्वित्झर्लंडमधल्या झोलोथर्न येथे सिंटिला नावाची कंपनी होती. तिच्यातला आल्बर्ट काउफमान हा अभियंता. त्याने १९४६ साली बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथे करवतीचे पाते बसवले आणि मशीन चालवून पाहिले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी कंपनीने हे यंत्र बाजारात आणले. म्हणजे जिगसॉ ही शिलाई मशीनची सख्खी धाकटी बहीण. थोरली बहीण आमच्या घरोघरी आजीच्या काळापासून नांदते आहे. तिच्या सुईने कित्येक आयाबहिणींची बोटे फोडली. म्हणून ती घराबाहेर काढा असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता पहिला आक्षेप. जिगसॉ बोट कापत नाही असे मी म्हणणार नाही. कापते. जे लाकूड कापते ते बोटही कापते. पण प्रश्न असा आहे, की विजेवर चालणाऱ्या करवतींमध्ये नवशिक्याला सर्वांत जास्त सांभाळून घेणारी कोणती? गोल पात्याची करवत लाकडात अडकली की उसळून मागे, थेट चालवणाऱ्याच्या अंगावर येते. जिगसॉ अडकली तर जागच्या जागी थडथडते. हात सोडला की थांबते. तिचे पाते एकाच जागी वरखाली होते, आणि दोन्ही हात यंत्रावर असले तर ते पात्याच्या वाटेत येतच नाहीत. ह्याच्या उलट आमच्या शहरांतून काय चालते ते पाहा. फरशी कापायच्या मार्बल कटरला लाकडाचे गोल पाते लावायचे, त्याचे संरक्षक झाकण अडते म्हणून काढून टाकायचे, आणि एका हाताने प्लायवूडचा तक्ता धरून दुसऱ्या हाताने तो कापायचा. हे दृश्य कोणत्याही नव्या इमारतीत बघायला मिळते. ते करणारा अठरा-वीस वर्षांचा पोरगा कोणत्याही शाळेत करवत शिकलेला नसतो. तो कामावरच शिकतो, आणि त्याची किंमत बोटांनी मोजतो. शाळेने करवतीचे दार बंद ठेवून धोका टाळला, असे म्हणणारांनी एकदा त्या इमारतीत जाऊन यावे. शाळेने धोका टाळलेला नाही. तो गरिबाच्या पोराच्या अंगावर ढकलला आहे.

आणि शाळा धोक्याला इतकी भिते म्हणावे, तर तीच शाळा नववीच्या मुलाच्या हातात गंधकाम्लाची बाटली देते, पेटता बर्नर देते. का देते? तिथे नियम आहेत, शिक्षक आहे, आणि मुख्य म्हणजे परीक्षेत त्याला गुण आहेत. मग जिगसॉलाही नियम लावा. ते काही वेदान्ताइतके अवघड नाहीत. फळी टेबलाला दोन ठिकाणी क्लॅम्पने आवळायची, नुसती हाताने किंवा गुडघ्याने दाबायची नाही. कापायचा भाग टेबलाच्या बाहेर काढायचा; फळीच्या खाली, पात्याच्या वाटेत, ना टेबलाचा पाय असावा ना स्वतःचा हात. यंत्राचा तळ फळीवर टेकल्याशिवाय बटण दाबायचे नाही, आणि पाते पुरते थांबल्याशिवाय यंत्र उचलायचे नाही. पाते बदलायचे तर आधी भिंतीतला प्लग काढायचा. नुसते बटण बंद करून भागत नाही. वायर पाठीमागे ठेवायची. ओढणी, सैल बाही, मोकळी वेणी, मनगटातला लोंबता गंडा, सगळे बाजूला. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, नाकाला मास्क. मास्कला हसू नये. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच दिला आहे. विजेच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. एका वेळी एक यंत्र, एक मूल, आणि हातभर अंतरावर मास्तर. हे सगळे पाळायला ज्या शाळेत माणूस नाही, तिने करवत आणू नये, हे मलाही मान्य आहे. पण माणूस ठेवायचा नाही आणि दोष करवतीला द्यायचा, हा न्याय नव्हे.

वयाचाही प्रश्न येतो. पाचवी-सहावीच्या मुलाला विजेचे यंत्र द्या असे मी म्हणत नाही. त्याला धनुष्यासारखी चौकट असलेली, केसाएवढ्या पात्याची हातकरवत पुरे. पण चौदा वर्षांच्या मुलाला जपायला निघालेले आईबाप त्यालाच अठरा पुरी व्हायच्या आत स्कूटरची किल्ली देतात, आणि स्कूटर मिनिटाला ५०० फेऱ्यांवर थांबवून कोणी शेजारी उभे राहत नाही!

दुसरे आक्षेपक मला मनाने जवळचे आहेत. ह्यांना हातकामाचे प्रेम आहे. ते म्हणतात, आधी हातकरवत, रंधा, पटाशी. ह्या वाटेने गेल्याशिवाय लाकूड कळत नाही, यंत्राने मुले आळशी होतात. ह्या म्हणण्यामागे मोठी परंपरा आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस ह्याच्या प्रेरणेने १८६६ साली शाळेत हस्तकाम आले. स्वीडनमध्ये ऑटो सालोमोन ह्याने नेस येथे शिक्षकांना लाकूडकाम शिकवणारी संस्था चालवली, आणि तिथे जगभरचे मास्तर येऊन सुरी धरायला शिकले. त्या पद्धतीला स्लॉइड म्हणतात. मुलाने सोप्यापासून अवघडाकडे, एकेक उपयुक्त वस्तू करत जावे, हे तिचे सूत्र. ते सूत्र मला शिरसावंद्य आहे. पण त्या सूत्रात साधन कोणते हे ठरलेले नाही. वस्तू खरी असावी आणि ती मुलाने स्वतः पुरी करावी, हे ठरलेले आहे.

आणि नेमके इथेच हातकरवतीचे आमच्या शाळेत अडते. आमचा तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात मुले पन्नास. हातकरवतीने सरळ कापायला मनगट, कोपर आणि खांदा एका रेषेत यावे लागतात. ती सवय लागायला महिने जातात. तेवढ्या महिन्यांत त्या मुलाच्या वाट्याला येते एक अर्धवट चिरलेली फळी आणि "मला हे जमत नाही" असा पक्का समज. हा समज एकदा बसला की तो जन्मभर उठत नाही. जिगसॉ पहिल्या आठवड्यात एक पुरी वस्तू हातात देते. पुरी झालेली वस्तू पाहिलेले मूल पुढे स्वतःहून रंधा मागते, कारण कापलेली कड खरखरीत असते आणि ती त्याला सलते. हातहत्यारांकडे जाणारी हीच वाट अधिक सरळ आहे.

यंत्राने आळस येतो म्हणतात, त्यांनी जिगसॉ चालवून पाहावी. ती मुलाला फुकट काहीच देत नाही. तिच्या पात्याचे दाते वर तोंड करून असतात. ती वर येताना कापते. म्हणून प्लायवूडच्या वरच्या बाजूची कड कुरतडल्यासारखी होते आणि खालची स्वच्छ येते. हे एकदा पाहिलेले मूल पुढच्या वेळी चांगली बाजू खाली ठेवते आणि रेघ उलट बाजूला आखते. म्हणजे त्याला आकृती आरशातल्यासारखी उलटी मनात धरावी लागते. भूमितीच्या पुस्तकात परावर्तनाचा धडा आहे. तो इतका पक्का करणारे दुसरे साधन मला ठाऊक नाही. यंत्र पुढे रेटले, की जाड लाकडात पाते वाकते. वरून रेघ बरोबर दिसते आणि फळी उलटली की खाली ती बोटभर सरकलेली असते. रेटून काम होत नाही, हा धडा आमच्या मुलांना दुसरे कोण शिकवते? घोकंपट्टीत तर रेटणाराच पहिला येतो. अरुंद वळण घ्यायचे तर रुंद पाते चालत नाही. अरुंद पातेही अडते, म्हणून आधी बाहेरून वळणापर्यंत आडवे चिरे द्यावे लागतात, म्हणजे टाकाऊ भाग तुकड्यातुकड्यांनी गळत जातो आणि पात्याला फिरायला जागा होते. फळीच्या मधोमध खिडकी कापायची तर आधी ड्रिलने भोक पाडून त्यातून पाते घालायचे. दाते मोठे असले की कापणे भराभर आणि कड खडबडीत. दाते बारीक असले की काम सावकाश आणि कड साफ. ह्यात आळसाला जागा कुठे आहे?

गणिताचे एकच उदाहरण देतो. ६०० मिलिमीटर लांबीची फळी आहे. तिचे चार सारखे तुकडे करा. वर्गातला प्रत्येक मुलगा सांगतो, दीडशे-दीडशे. वहीत ते बरोबर आहे. टेबलावर ते चूक आहे. चार तुकड्यांना तीन काप लागतात. पाते जिथून जाते तिथले सुमारे दीड मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जमिनीवर पडते. तीन काप म्हणजे साडेचार मिलिमीटर गेले. उरलेल्या ५९५.५ मिलिमीटरांचे चार भाग केले तर प्रत्येकी १४९ ला किंचित कमीच येतात. आणि पाते रेघेवर चालवायचे, की रेघेच्या टाकाऊ बाजूला, हेही आधी ठरवावे लागते. दशांश अपूर्णांक हे जगात खरोखर असतात, ही बातमी आमच्या मुलांना बहुधा ह्या फळीकडूनच प्रथम कळेल.

जिगसॉच्या मर्यादा लपवण्याचे मला कारण नाही. लांब सरळ रेघ तिच्याने नुसत्या हाताने येत नाही. सरळ पट्टी फळीवर आवळून तिच्या आधाराने यंत्र चालवावे लागते. जाड सागाचा वासा तिला झेपत नाही. सांध्यांची नाजूक कामे पटाशीचीच. दरवाजे, पलंग आणि दिवाणखाने तिने होणार नाहीत. पण आठवीच्या मुलाला दिवाणखाना करायचाय कुठे? त्याला बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमधून एक मासा कापायचा आहे, त्याला चार खुंट्या लावायच्या आहेत, आणि तो घरच्या दाराआड टांगून आईला म्हणायचे आहे, "चाव्या आता इथे ठेव." एवढ्या कामाला जिगसॉइतके योग्य यंत्र नाही.

आता तिसरे आक्षेपक. ते विचारतात, "आमच्या मुलाला काय सुतार करायचाय?" पालकांच्या एका सभेत हा प्रश्न मी समोरासमोर ऐकलेला आहे. विचारणारे गृहस्थ सुशिक्षित, अंगावर परीटघडीचे कपडे. सभेत हशा पिकला. त्या हशात काही शिक्षकही सामील होते, आणि मला बोचले ते एवढेच.

ह्या प्रश्नाला माझे उत्तर साधे आहे. आम्ही पहिलीपासून कविता शिकवतो, त्या काय प्रत्येकाला कवी करायला? इतिहास शिकवतो तो छत्रपती घडवायला? मग करवत म्हटल्याबरोबरच "सुतार करायचाय का" हे का आठवते? त्याचे कारण त्या हशात आहे. सुतार हा आमच्या लेखी हुन्नर नाही, जात आहे. गावगाड्यातल्या बलुतेदारांत तो मानाचा. नांगर त्याने करावा, पाळणा त्याने करावा, पुजेचा चौरंग आणि जेवणाचा पाट त्याने करावा, आणि बलुते मागायला खळ्यावर उभे राहावे. ज्या पाटावर बसून आम्ही शास्त्रचर्चा केली, तो पाट करणाराला त्या चर्चेत जागा नव्हती. पाट गेले, खुर्च्या आल्या. बाकी व्यवस्था तीच. डोक्याने जगणारे वर, हाताने जगणारे खाली. शाळेचे सर्टिफिकेट हे खालून वर जाण्याचे तिकीट. मग तिकीट काढलेल्या माणसाला तुम्ही पुन्हा करवत दाखवता, म्हणजे त्याला गाडीतून खाली उतरवता असे वाटते. दलित आणि बलुतेदार घरातल्या बापाला असे वाटले, तर मी त्याच्यापुढे हात जोडीन. त्याच्या आजाच्या हातात हत्यार होते ते त्याने हौसेने घेतलेले नव्हते. म्हणूनच मी म्हणतो, करवत सगळ्यांना द्या. वकिलाच्या मुलीला द्या, मामलेदाराच्या मुलाला द्या, भटजीच्या नातवाला द्या. एकट्या सुताराच्या मुलाला दिली तर ती जात होते. पन्नासच्या पन्नास मुलांना दिली तर ते शिक्षण होते.

हा विचार मी काढलेला नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला, म्हणजे आमच्याच महाराष्ट्रात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या समितीने जी योजना आखली, तिच्यात सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकाम हाही मूलोद्योग होता. मूलोद्योगाचे पुढे काय झाले? टकळी उरली, आणि तीही पाहुणे आले की बाहेर काढायची. पुढे कोठारी आयोग बसला. मराठी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. १९६६ च्या अहवालाने सांगितले, प्रत्येक मुलाला कामाचा अनुभव द्या. आम्ही त्याला 'कार्यानुभव' हे सुंदर नाव दिले आणि तासाला कागदाची फुले केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समिती आली. नाव झाले समाजोपयोगी उत्पादक कार्य. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी हातकामाचा अनुभव आणि दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, आणि त्यात सुतारकामाचा उल्लेख स्पष्ट आहे. ऐंशीहून अधिक वर्षे झाली. नावे चार झाली. फळी अजून कापली गेलेली नाही.

हे होऊच शकत नाही म्हणणारांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जावे. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला; हातांनी काम करत विज्ञान शिकायचे, ही त्याची रीत. खेड्यातली मुले तिथे जोडकाम करतात, वीज हाताळतात, शेती करतात, आणि ही पद्धत आसपासच्या माध्यमिक शाळांतही गेली. कलबागांना करता आले ते आपल्याला का येऊ नये? त्यांनी स्वतःच्या मनातला तो हशा आधी थांबवला होता, एवढाच फरक.

आणि हशा पिकवणारांनी एक हिशेब करावा. मराठी तरुणाला काम नाही म्हणून आमची वृत्तपत्रे दर आठवड्याला अश्रू ढाळतात. आमच्या शहरांतल्या घरांचे फर्निचर पाहा. ते करणारे बरेचसे कारागीर राजस्थानातून आणि उत्तर प्रदेशातून आलेले असतात. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, कोणालाच नाही. त्यांनी हात चालवला, आम्ही नाक मुरडले.

ह्या नाक मुरडण्याचे शाळेतले फळ म्हणजे 'प्रोजेक्ट'. दिवाळीची सुटी संपली की शाळेशेजारच्या दुकानांत तयार पवनचक्क्या, तयार जलचक्रे, तयार किल्ले टांगलेले दिसतात. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा वाटले होते, आता तरी मुले लाकडाकडे वळतील. वळली ती लेसरने कापलेल्या तयार तुकड्यांच्या पाकिटांकडे! बाप पाकीट विकत घेतो, आई फेव्हिकॉल लावते, मूल वरती नाव लिहिते आणि मास्तर गुण देतो. एका शाळेत मी पाहिले: विकतच्या लाकडी पवनचक्कीला दहापैकी दहा मिळाले आणि पुठ्ठ्याची वाकडी पवनचक्की स्वतः करून आणणाऱ्या मुलीला सहा. ती मुलगी त्या दिवशी काय शिकली असेल? विकत घेणारा श्रेष्ठ आणि करणारा कनिष्ठ, हेच ना? जातीचा धडा आम्ही पुस्तकातून काढून टाकला आणि गुणपत्रिकेतून परत आणला.

ह्यावर उपाय म्हणून मी एकच प्रकल्प सुचवतो, आणि तो जिगसॉच्या नावातच आहे. तुकडे जुळवून चित्र पुरे करायच्या खेळाला इंग्रजीत जिगसॉ पझल म्हणतात. त्याचा उगम करमणुकीत नाही, शाळेच्या भूगोलात आहे. १७६० च्या सुमारास लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्याने नकाशा लाकडावर चिकटवला, देशांच्या सीमांवरून कापला आणि मुलांना भूगोल शिकायला दिला. जिगसॉ हे नाव त्याला फार नंतर चिकटले. तेच आपण महाराष्ट्राचे करू. प्लायवूडचा अर्धा तक्ता घ्या, चार फूट बाय चार फूट. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी साधारण ८०० किलोमीटर. ती १२०० मिलिमीटरांत बसवा. दीड मिलिमीटरला एक किलोमीटर पडतो. म्हणजे जिगसॉचे पाते सीमेवरून एकदा गेले की एक किलोमीटर रुंदीचा मुलूख भुसा झाला! तो कोणाचा गेला, अलीकडच्या जिल्ह्याचा की पलीकडच्या, ह्यावर आठवीचा वर्ग अर्धा तास भांडेल. भांडू द्या. सीमा म्हणजे काय हे त्यांना त्या भांडणात कळेल.

मग चंद्रपूर आणि गडचिरोली वेगळे करताना मुलाचे पाते वैनगंगेच्या वळणांवरून जाईल. अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर ह्यांच्यामधून ते गोदावरीबरोबर चालेल. नदीचे वळण पाठ करणे निराळे आणि यंत्र सावकाश फिरवत ते हाताने घेणे निराळे. अहिल्यानगरचा तुकडा तळहाताहून मोठा येईल, आणि मुंबई शहराचा तुकडा दोन नखांएवढा. तो कापायचा नाही. इतका लहान तुकडा जिगसॉखाली धरणे हे बोटावर उदार होणे आहे. म्हणून ३६ जिल्ह्यांचे तुकडे ३५ होतील, मुंबईचे दोन जिल्हे एकत्र राहतील, आणि ते का, हे प्रत्येक मूल घरी जाऊन सांगेल. पाठ्यपुस्तकातली क्षेत्रफळे कोणाला आठवत नाहीत. ज्याने ते दोन तुकडे हातात घेतले त्याला ती विसरता येणार नाहीत.

खर्चाची सबब तेवढी उरली. साधी जिगसॉ दोन ते चार हजार रुपयांत मिळते. पाती, क्लॅम्प, चष्मे, मास्क आणि प्लायवूडचे दोन तक्ते धरले तरी सगळी रक्कम शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नुसत्या मांडवाच्या खर्चात बसते. प्लायवूडचा आठ बाय चारचा एक तक्ता म्हणजे बत्तीस चौरस फूट. बत्तीस मुलांना फूटभर फळी. मांडव एका रात्रीत सोडतात. फळी घरात राहते.

तेव्हा मुख्याध्यापकांना, संस्थाचालकांना आणि पालकांना माझी मागणी तीन कलमांची आहे. शाळेच्या अडगळीच्या खोलीतले मोडके बाक बाहेर काढा आणि तिथे एक भक्कम टेबल मांडा. गावातल्या एखाद्या कसबी सुताराला मानधन देऊन आठवड्यातून दोन दिवस बोलवा, त्याला खुर्ची द्या, आणि मुलांना त्याला 'गुरुजी' म्हणायला सांगा. आणि विकत आणलेल्या प्रोजेक्टला, तो कितीही देखणा असो, शून्य गुण द्या. ह्या तिन्हींत तिसरे कलम सर्वांत स्वस्त आहे आणि तेच सर्वांत अवघड जाईल, कारण त्या शून्याखाली सही करणाऱ्या मास्तराला दुसऱ्या दिवशी परीटघडीतले गृहस्थ भेटायला येतील. त्यांना टेबलापाशी न्यावे, हातात पेन्सिल आणि गुण्या द्यावा, आणि ६०० मिलिमीटरच्या फळीचे चार सारखे तुकडे आखायला सांगावे.